शाफ्ट बदलूनही ड्रायव्हरचा बॉल फुगतोच, त्याचं काय करायचं?

गोल्फ खेळणाऱ्यांत या दुखण्याचं लक्षण सगळ्यांचं सारखंच असतं. ड्रायव्हरचा, म्हणजे पहिल्या लांब फटक्याच्या क्लबचा, बॉल बरा निघतो, शंभरेक यार्डांवर नाक वर करतो, चढत राहतो आणि जवळजवळ उभाच खाली येतो. रोल, म्हणजे पडल्यावर पुढे धावणं, नाहीच. समोरून वारा असला की बघायलाच नको. मग चौकडीतला कुणीतरी निदान करून मोकळा होतो, "तुझा शाफ्ट मऊ आहे रे, स्टिफ घे." शाफ्ट म्हणजे क्लबची दांडी, स्टिफ म्हणजे कडक. स्टिफ येतो, काही दिवस बॉल खाली राहतो, माणूस खूश असतो. महिना-दीड महिन्यात बॉल पुन्हा आकाशात. मग एक्स्ट्रा स्टिफ. त्याने बॉल उजवीकडे जायला लागतो, हाताला झिणझिण्या येतात, आणि फुगणं काही थांबत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. शाफ्टमुळे लाँच (बॉल निघण्याचा कोन) आणि स्पिन (बॉलची गिरकी) बदलतात, पण लोक समजतात तेवढे नाही. आणि जे बदलतात त्याचा शाफ्टवर छापलेल्या कडकपणाच्या अक्षराशी (आर, एस, एक्स) फारसा संबंध नसतो, कडकपणा लांबीभर कसा वाटलाय याच्याशी असतो. त्यामुळे संशयितांच्या रांगेत शाफ्टला सगळ्यांत पुढे उभं करू नका. आधी बॉल फेसवर (क्लबच्या हेडच्या मारायच्या बाजूवर) कुठे लागतो ते बघा, मग लॉफ्ट (फेसचा मागे कललेला कोन) आणि जोडणी, मग शाफ्टचं वजन, आणि त्यानंतर त्याचा प्रोफाइल, म्हणजे कडकपणाची ती वाटणी.

बॉल निघताना बघा, चढताना नाही

ही एक गोष्ट नीट पाहिली तर निम्मं निदान तिथेच होतं. टिप, म्हणजे हेडकडचं टोक, खरोखर मऊ असेल तर हेड बॉलपाशी पोचताना लॉफ्ट वाढवून पोचतं. लाँच आणि स्पिन दोन्ही वाढतात. असा बॉल पहिल्या क्षणापासून उंच निघतो. याउलट, खालून निघून मग चढणारा बॉल म्हणजे लाँच कमी आणि स्पिन जास्त. हे काम मऊ शाफ्टचं नाही. बॉल फेसच्या खालच्या भागावर लागतोय किंवा क्लब वरून खाली येत बॉलवर आदळतोय, यातलं एक (बहुधा दोन्ही) घडतंय.

फेसच्या मध्याच्या खाली बॉल लागला की हेड किंचित पुढे झुकतं, गिअर इफेक्टमुळे (दातेरी चाकांसारखं हेड एका बाजूला फिरलं की बॉल उलट फिरतो) बॉलवर बॅकस्पिन, म्हणजे मागे फिरणारी गिरकी, आणखी चढतो, आणि फेसला वरून खाली गोलाई असल्याने खालच्या भागात लॉफ्टही कमी मिळतो. म्हणून लाँच खाली, स्पिन वर. अर्धा इंच खाली लागला तरी स्पिन कित्येकशे आरपीएमने (मिनिटाला फेऱ्यांनी) वाढतो.

आकड्यांत बघू. समजा स्विंगचा वेग ताशी ९२ मैल आहे. हेड ४ अंश खाली उतरताना बॉलला भिडतंय आणि त्या क्षणी फेसचा लॉफ्ट १२ अंश आहे. बॉलची सुरुवातीची दिशा मुख्यतः लॉफ्टच्या बाजूने झुकते, ढोबळ हिशेबाने ८५ टक्के लॉफ्ट आणि १५ टक्के हेडची दिशा. म्हणजे लाँच साडेनऊ अंशांच्या आसपास. स्पिन ठरतो तो त्या दोघांमधल्या फरकावर, आणि इथे तो १६ अंश आहे. स्पिन साडेतीन हजारांकडे जाणार. आता तोच माणूस बॉल थोडा पुढे ठेवून, टी (बॉल ठेवायची खुंटी) उंच करून २ अंश वर चढताना मारतो आणि लॉफ्ट १५ अंश आणतो. लाँच १३ अंश, फरकही १३. लाँच वाढला आणि स्पिन उतरला. शाफ्ट दोन्ही वेळेला तोच.

पहिल्या प्रकारच्या माणसाला कडक टिपचा शाफ्ट दिला तर लॉफ्ट आणखी एखाद अंशाने कमी होईल. साडेनऊचा लाँच साडेआठवर येईल, स्पिन दोन-तीनशेने घटेल, आणि कॅरी (हवेतलं अंतर) आणखी कमी होईल. औषध उलटं पडलं.

तुलना कुणाशी करताय हेही बघा. ट्रॅकमॅन या बॉल मोजणाऱ्या रडारच्या कंपनीने प्रसिद्ध केलेल्या टूर सरासरीत पीजीए टूरचा (पुरुष व्यावसायिकांचा) क्लबचा वेग ताशी ११३ मैल, लाँच १०.९ अंश आणि स्पिन २७०० च्या आत होता. एलपीजीए टूरचा (महिला व्यावसायिकांचा) वेग ताशी ९४ मैल, लाँच १३.२ अंश, स्पिन २६०० च्या जरा वर, आणि हेड ३ अंश वर चढताना बॉलला भेटत होतं. आपल्यातले बहुतेक पुरुष खेळाडू वेगाच्या बाबतीत एलपीजीएच्या जवळ आहेत, तरी टीव्हीवर बघून शाफ्ट मात्र पीजीएवाल्यांचे घेतात. ताशी ९० मैलांच्या आसपास १३ ते १५ अंश लाँच आणि २४०० ते ३००० स्पिन ही कुठल्याही गोल्फ क्लबात मिरवण्यासारखी जोडी आहे.

फेसवरचा डाग

पायाला मारायचा पावडर स्प्रे केमिस्टकडे मिळतो. ड्रायव्हरच्या फेसवर पातळ थर मारा. प्रत्येक बॉलनंतर गोल डाग उमटतो, आतल्या डिंपलसकट. स्प्रे नसेल तर बॉलवर व्हाइटबोर्ड मार्करने जाड ठिपका काढा, तो फेसकडे तोंड करून टीवर ठेवा, फेसवर शाई उतरते. डाग पुसून टाकू नका, आठ-दहा एकत्र साठू द्या आणि मग फोटो काढा. एका डागाला काही अर्थ नाही, घोळका कुठे आहे ते महत्त्वाचं. घोळका फेसच्या खालच्या तिसऱ्या भागात असेल तर हा लेख इथेच बंद करून टीची उंची वाढवा. अर्धा बॉल क्राउनच्या (हेडच्या माथ्याच्या) वर दिसला पाहिजे. बॉल पुढच्या पायाच्या टाचेच्या रेषेत. घोळका वर सरकला की लाँच मॉनिटरवरचा (हे आकडे मोजणाऱ्या यंत्रावरचा) स्पिन आपोआप उतरताना दिसेल.

हे सगळं नेहमीच्या बॉलने करा. रेंजचे (सरावाच्या मैदानातले) बॉल झिजलेले, कडक, एकेक वेगळा. त्यांच्यावर स्पिनचा निकाल लावणं व्यर्थ. आणि काही छोटे रडार स्पिन प्रत्यक्ष मोजत नाहीत, बाकीच्या आकड्यांवरून अंदाज बांधतात. खोलीत नेटमध्ये मारताना तर हा अंदाज आणखी सैल होतो. तुमचं यंत्र काय करतं ते त्याच्या माहितीपत्रकात वाचून घ्या. काहींना बॉलवर चकचकीत ठिपका चिकटवावा लागतो, तो न लावताच लोक दोन शाफ्टमधला शंभर आरपीएमचा फरक सांगत बसतात.

जोडणीतले घोटाळे

स्लीव्ह बघा, म्हणजे शाफ्ट हेडला जोडणारी, लॉफ्टच्या खुणा असलेली बाही. नवीन शाफ्ट नवीन स्लीव्हसकट आला आणि तो वेगळ्या खुणेवर बसवला, तर तुम्ही शाफ्टची नाही, लॉफ्टची तुलना करताय. स्लीव्हने लॉफ्ट कमी केला की फेस किंचित उघडतो, वाढवला की मिटतो. "स्टिफ घेतल्यावर बॉल उजवीकडे जायला लागला" यातल्या बऱ्याच गोष्टी तिथेच सुटतात. स्क्रू टॉर्क रेंचने कट् आवाज येईपर्यंत आवळलाय ना? हेड कानाशी धरून हलवा, आत काही खुळखुळतंय का? होझलच्या (शाफ्ट बसतो त्या हेडच्या नळीच्या) अगदी वर, जिथे बॅगेची कड घासते, तिथे रंग उडून तंतू दिसतायत का? शाफ्ट हलकेच पिळून बघा, करकर आली तर तो मारू नका.

"शाफ्ट थकला" हे मात्र विसरा. तडा गेलेला नसेल तर ग्रॅफाइट शाफ्ट नेहमीच्या खेळाने जाणवण्याइतका मऊ होत नाही. मागच्या वर्षी बरा होता आणि आता बॉल फुगतोय, तर बदललात तुम्ही.

किंवा ऋतू बदलला. पुण्यात मे महिन्यात फेअरवे भाजलेली असते, खालून गेलेला बॉल तीस-चाळीस यार्ड पळतो आणि लो-लाँच शाफ्ट भारी वाटतो. जुलैत तोच बॉल पडतो तिथेच रुततो. कॅरी कधीच नव्हता, रोलने तो झाकला होता. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर असल्याने हवाही मुंबईपेक्षा पाचेक टक्के विरळ. इथे बसवून घेतलेला ड्रायव्हर घेऊन चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या गोल्फ कोर्सवर गेलात आणि खाडीचा वारा समोरून आला, की इथे न दिसलेला स्पिन तिथे दिसतो.

अक्षराला कुणाचाच आधार नाही

आता शाफ्ट. आर, एस, एक्स या अक्षरांना उद्योगात एकच मान्य माप नाही. एका कंपनीचा एस दुसरीच्या आरएवढा निघू शकतो, आणि एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही फरक असतो. अमेरिकेतून भावाने किंवा मेव्हण्याने आणलेल्या सेटवर एस लिहिलंय म्हणून तो तुमच्या जुन्या एससारखाच असेल असं धरून चालू नका.

दुकानात मोजतात ते बहुतेक सीपीएम. ग्रिपकडचं टोक, म्हणजे बट, शिकंजात आवळायचं, दुसऱ्या टोकाला वजन लावायचं, टिचकी मारायची आणि मिनिटाला किती हेलकावे होतात ते मोजायचे. जास्त हेलकावे म्हणजे जास्त कडक. यंत्र खोटं बोलत नाही, पण ते मुख्यतः बटकडचा कडकपणा सांगतं, कारण आवळलेल्या टोकाजवळच सगळ्यांत जास्त वाक येतो. दोन शाफ्ट, दोन्ही २५५ सीपीएम, एकाचा टिप नरम आणि दुसऱ्याचा गजासारखा, हे अगदी शक्य आहे. लाँचवर परिणाम करणारा भाग नेमका टिपकडचा, आणि आपण मोजतो दुसरं टोक.

खरं चित्र मिळतं ते ईआय प्रोफाइलमधून. ई म्हणजे साहित्याचा ताठपणा, आय म्हणजे नळीचा व्यास आणि भिंतीची जाडी यांचा हिशेब. पातळ नळीत भिंत तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर आय आठपट होतो. बटचा बाहेरचा व्यास साधारण ०.६०० इंच आणि ड्रायव्हरच्या टिपचा बहुधा ०.३३५ इंच. त्यामुळे बट कायमच जास्त कडक असणार, बांबूसारखा. डिझायनरच्या हातात उरतं ते मधलं: व्यास कुठे झपाट्याने कमी करायचा, भिंत कुठे जाड ठेवायची, कार्बनची कापडं कोणत्या कोनात गुंडाळायची. लांबीच्या दिशेने बसवलेले तंतू वाक रोखतात, ४५ अंशांत तिरपे बसवलेले पीळ रोखतात, आडवे गुंडाळलेले नळी चेपू देत नाहीत. पोलादी शाफ्टमध्ये हेच काम पायऱ्या आणि भिंतीची जाडी करतात.

एखाद्या वर्कशॉपमध्ये ओळख असेल तर हा प्रोफाइल घरगुती पद्धतीने काढता येतो, आणि भोसरी-चिंचवडच्या आसपास अशी ओळख नसलेला माणूस विरळा. दोन व्ही-ब्लॉक ११ इंच अंतरावर मांडा, त्यात पातळ रबर घाला, शाफ्ट आडवा ठेवा. बरोबर मध्यावर रुंद पट्ट्याने ५ किलो वजन टांगा आणि तिथेच डायल गेज लावून शाफ्ट किती वाकला ते वाचा. मग शाफ्ट एक-एक इंच सरकवत पुढे जा. ड्रायव्हरच्या शाफ्टवर टिपकडे काटा एक मिलिमीटरच्या आसपास फिरतो, बटकडे साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. दोन शाफ्टचे आकडे एकाच कागदावर काढले की वाद मिटतो: एकाची रेषा मध्ये खड्ड्यात जाते, दुसऱ्याची टिपकडे सपाट राहते. दोघांवर एसच छापलेलं.

कोणता भाग काय करतो

डाउनस्विंग सुरू होताना हेड मागे राहतं आणि शाफ्ट मागे वाकतो. बॉलपाशी येईपर्यंत चित्र उलटतं. हेडचं वजन शाफ्टच्या रेषेत नसून तिच्या मागे असतं, वेगाने फिरताना ते हात आणि शाफ्टच्या रेषेत यायला बघतं, त्यामुळे शाफ्ट पुढच्या बाजूला वाकतो आणि लॉफ्ट वाढतो. त्याबरोबर फेसही जरासा मिटतो. टिप मऊ असेल तर हे जास्त होतं. स्वतः धडक अर्ध्या मिलिसेकंदात संपते, तेवढ्या वेळात शाफ्टने बॉलला ‘ढकललं’ वगैरे काही नसतं. जे काही करायचं ते त्याने आधीच केलेलं असतं.

हा परिणाम किती? सर्वसाधारण मऊ टिपच्या आणि कडक टिपच्या दोन शाफ्टमध्ये, तोच स्विंग धरून, लॉफ्टमध्ये एखाद अंश. म्हणजे लाँचमध्ये त्याहून किंचित कमी आणि स्पिनमध्ये दोन-तीनशे. तुमचा स्पिन हजाराने जास्त असेल तर शाफ्ट एकटा ते फेडू शकत नाही. शिवाय मनगटं लवकर सोडणाऱ्या खेळाडूंत शाफ्टचा पुढचा वाक बॉलच्या आधीच येऊन ओसरायला लागतो, त्यांना टिपचा फरक फारसा दिसतच नाही. मनगटं उशिरा सोडणाऱ्याला दिसतो. म्हणून मित्राला मानवलेला शाफ्ट तुम्हाला मानवेलच असं नाही, वेग सारखा असला तरीही.

बट आणि मधला भाग लाँचपेक्षा हाताशी जास्त बोलतात. वरून खाली वळताना झटका देणाऱ्याला बट मऊ असेल तर हेड हरवल्यासारखं वाटतं. संथ वळणाऱ्याला कडक बट म्हणजे हातात फळी. मधला भाग मऊ असेल तर ‘लोड’ झाल्याची सुखद जाणीव होते. आणि इथेच गफलत होते: हाताला मऊ म्हणजे बॉल उंच, असं काही नाही. डायनॅमिक गोल्ड हा जुना पोलादी शाफ्ट बघा. टिप कडक, बट त्या मानाने नरम, हाताला गुळगुळीत लागतो आणि बॉल खाली ठेवतो. फुजिकुरा या शाफ्ट कंपनीच्या व्हेंटस मालिकेत निळा मध्यम उंचीचा आणि काळा खालून जाणारा, कारण काळ्याचा टिप जास्त कडक आहे. अक्षर दोघांचं एकच असू शकतं. रंग बघून घेताना मात्र सावध राहा: क्लबबरोबर कारखान्यातून येणारा शाफ्ट आणि त्याच नावाने सुटा मिळणारा महाग शाफ्ट आतून सारखे असतीलच असं नाही.

टॉर्क, म्हणजे पीळ, अंशांत मोजतात. ड्रायव्हरच्या ग्रॅफाइटमध्ये साधारण ३ ते ६ अंश. कमी टॉर्क म्हणजे अचूक, असं सरसकट मानतात. संथ स्विंगला तो नुसताच दगड वाटतो. किक पॉइंटबद्दल (शाफ्ट सगळ्यांत जास्त वाकतो त्या जागेबद्दल) मी बोलणार नाही. त्याची जागा शाफ्टगणिक एक-दोन इंचांनी हलते, आणि तेवढ्यावरून पॅकेटवर ‘हाय’, ‘लो’ छापतात.

वजन मात्र मनावर घ्या. ४० ग्रॅमच्या शाफ्टवरून ७० वर गेलात तर कडकपणा सारखा असला तरी स्विंगची लय बदलते. फार हलका शाफ्ट हातांना वरूनच घाई करायला लावतो. फार जड असला की तेराव्या-चौदाव्या होलपर्यंत अंग थकतं, हेड उशिरा येतं आणि डागांचा तो घोळका पुन्हा खाली उतरतो. सकाळी पहिल्या नऊ होलमध्ये बरा आणि नंतर फुगणारा बॉल हे वजनाचं लक्षण समजा.

महिनाभर बरं, मग पुन्हा तेच, असं का

नवा शाफ्ट हातात आला की हेड नेहमीच्या वेळेला येत नाही. काही दिवस स्विंग चाचपडत चालतो, त्यात बॉल योगायोगाने खालून जातो. मग हात शिकतात. बॉल किती उंच दिसला पाहिजे याचा तुमच्या मनात एक ठसा असतो, आणि कडक शाफ्टने लॉफ्ट कमी केला की तुम्ही नकळत मागे झुकून, मनगटं लवकर सोडून तो परत मिळवता. दिशेचंही तसंच. पुस्तकी उत्तर म्हणतं मऊ शाफ्टने उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल डावीकडे जावा. प्रत्यक्षात तो डावीकडच्या भीतीने फेस धरून ठेवतो आणि बॉल उजवीकडे जातो. म्हणून चाचणीच्या पहिल्या दहा बॉलांवर शाफ्ट विकत घेऊ नका.

दोन शाफ्ट तपासताना हेड तेच, स्लीव्हची खूण तीच, लांबी आणि ग्रिप तीच ठेवा. लांबी अर्ध्या इंचाने वेगळी असली तर स्विंगवेट (हेड हाताला किती जड लागतं त्याचं माप) साधारण तीन अंकांनी हलतं आणि कडकपणाही बदलतो. दोन्ही शाफ्टवरच्या नावावर मास्किंग टेप चिकटवायला सांगा. एकाने पाच बॉल, दुसऱ्याने पाच, पुन्हा पहिल्याने. एकाचे सगळे मारून मग दुसरा घेतला तर दुसऱ्याच्या वाट्याला दमलेले हात येतात. मधूनमधून पावडर मारून डाग बघा. डाग एकाच जागी आणि तरी लाँचमध्ये सातत्याने एखाद अंशाचा फरक, तर तो फरक शाफ्टचा. डाग हलला असेल तर स्पिनचा आकडा बाजूला ठेवा आणि विखुरणं बघा. ज्या शाफ्टने डाग एकत्र येतात तो घ्या, मग त्यावर आर लिहिलेलं असलं तरी. टेप काढल्यावर चेहरे पाहण्यासारखे होतात.

टिपकडून कापून शाफ्ट कडक करून देतो, असं दुकानदार म्हणेल. एक इंच टिप कापला की ढोबळमानाने अर्धा फ्लेक्स, म्हणजे कडकपणाची अर्धी पायरी, वाढतो, पण कोणत्या मॉडेलला किती कापणं चालतं ते कंपनीच्या तक्त्यात असतं, तो मागा. बटकडून नुसतं आखूड करून बघणं जास्त स्वस्त: साडेपंचेचाळीस इंचांचा ड्रायव्हर ग्रिपवर इंचभर खाली धरून एक आख्खा राउंड खेळा. डाग मध्यावर आले तर मगच कापा आणि हेडला वजन लावून स्विंगवेट सांभाळा. २ ग्रॅमला साधारण एक अंक.

आयर्नमध्ये (लोखंडी डोक्याच्या क्लबांत) हाच क्रम, पण शाफ्ट आखूड आणि लॉफ्ट जास्त असल्याने टिपचा परिणाम आणखी कमी दिसतो. तिथे ९५ ग्रॅमचा पोलादी शाफ्ट की १३० चा, हा प्रश्न आधी सोडवा. फ्लेक्सचं अक्षर नंतर बघू.